अर्ध्या वॉटची जवारी

गिटारीचा आवाज मोठा करणाऱ्या माझ्या जुन्या अ‍ॅम्पच्या व्हॉल्यूमच्या बटणावर एक ते दहा आकडे होते. नऊ वर्षांत मी तीन ओलांडला तो एकदाच, आणि तोही चुकून. भाचा घरी आला होता. त्याने येता-जाता बटण पिळून ठेवलं, मी न बघता गिटार छेडली. पाच मिनिटांनी खालच्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या. रागावलेल्या नव्हत्या, काळजीत होत्या. "काही पडलं का गं?" एवढंच त्यांनी विचारलं.

तो ४० वॉटचा, व्हॉल्व्हचा म्हणजे काचेच्या नळ्यांचा अ‍ॅम्प होता. स्पीकर आणि यंत्र एकाच खोक्यात, वजन बावीस किलो. कुणाकडून तरी जुना घेतला, कारण तेव्हा डोक्यात एकच होतं: व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प म्हणजे खरा अ‍ॅम्प, बाकी सगळी खेळणी. कोथरूडच्या फ्लॅटमधल्या दहा बाय बाराच्या खोलीत, कपाट आणि शिलाई मशीनच्या मधे तो बसला. दीडवर ठेवला की पोत्यातून बोलल्यासारखा वाजायचा. सूर बरोबर, पण त्यात जीव नाही. दोनवर थोडी जाग यायची आणि अडीचवर मी स्वतःच दाराकडे बघायला लागायचे.

'जीव नाही' हे मी सहज म्हटलं, पण हा शब्द माझ्याकडे गिटारीतून आलेला नाही. मी मिरजेची. सतारमेकर गल्लीत आत्याबरोबर तंबोरा दुरुस्तीला नेणं हा लहानपणी माझा सुट्टीतला उद्योग होता. (२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आत्या म्हणाली, "आत्ता कळलं होय सरकारला!") तिथे मी जवारी लावताना बघितली आहे. कारागीर घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या, माथ्यावर कानस फिरवतो, तार छेडतो, मान हलवतो, पुन्हा कानस. लहानपणी वाटायचं की हा माणूस चांगलं वाद्य घासून खराब करतोय. मग तो तार आणि घोडीच्या मधे सुताचा एक दोरा सरकवतो. केसभर पुढे, केसभर मागे. आणि एका जागी तो आला की मघापर्यंत 'टंग' म्हणणारी तार एकदम झणकारायला लागते. एका सुरातून दहा सूर सांडायला लागतात. त्या दोऱ्याला तंबोरेवाले जीव म्हणतात.

तार घोडीच्या गोलसर माथ्याला हलकेच घासते आणि त्या घासण्यातून वरचे स्वरांश उजळतात, म्हणजे काटेकोर बोलायचं तर जवारी ही एक प्रकारची विकृतीच. शुद्ध कंपनात ढवळाढवळ. पण त्याशिवाय तंबोरा म्हणजे लाकडाला बांधलेली तार.

व्हॉल्व्ह हेच करतो, वेगळ्या वाटेने. काचेच्या नळीतला तंतू ६.३ व्होल्टवर तापतो, त्याच्या उबेने इलेक्ट्रॉन सुटतात आणि काहीशे व्होल्टच्या ओढीने पलीकडच्या पत्र्याकडे धावतात. मधल्या जाळीवर गिटारीचा किरकोळ सिग्नल दिला की तो या धावत्या लोंढ्याला कमीजास्त करतो. लोंढ्याला अर्थात मर्यादा असते. सिग्नल वाढवत नेला की एका ठिकाणी लाटेचा माथा मावेनासा होतो. साध्या ट्रान्झिस्टरच्या सर्किटमध्ये तो विळीवर चिरल्यासारखा सपाट कापला जातो. व्हॉल्व्ह तिथे येण्याच्या आधीपासूनच लाटेला हलके हलके दाबायला लागतो, माथा गोलसर करतो. त्या दबण्यातून नवे स्वरांश जन्मतात. आणि ते तुमच्या हातावर अवलंबून असतं. तार हळू छेडली तर स्वच्छ, जोर दिला तर खरखरीत. बोट आणि आवाज यांच्यात जे बोलणं चालतं, त्यासाठी लोक अजूनही ही शंभर वर्षांपूर्वीची, तापणारी, फुटणारी काच वापरतात.

गोची अशी की तंबोऱ्याची जवारी कुजबुजतानाही उघडी असते. अ‍ॅम्पची जवारी आवाज चढल्यावरच उघडते. ४० वॉटच्या अ‍ॅम्पची माझ्या घरात कधी उघडणारच नव्हती.

म्हणून कमी वॉटचं हेड शोधायचं ठरवलं. हेड म्हणजे नुसतं यंत्र. स्पीकरचं खोकं वेगळं. बावीस किलो दोन भागांत वाटले जातील हा त्यातला माझ्या कमरेचा स्वार्थ. लिफ्ट बंद असण्याचा वार आमच्याकडे ठरलेला नाही.

शोधाला लागल्यावर पहिल्यांदा वॉटच्या हिशेबानेच तोंडावर आपटले. मला वाटत होतं ४० चे २० केले की आवाज निम्मा. कानाचा हिशेब तसा नाही. वॉट निम्मे केले की फरक पडतो ३ डेसिबलचा, म्हणजे लक्ष देऊन ऐकलं तर कळेल इतका. कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल उतरावं लागतं, आणि त्यासाठी वॉट दहापट कमी लागतात. ४० चा निम्मा ४! त्याचा निम्मा ०.४! उलट बाजूनेही तेच. गिटारीसाठी वापरतात त्यातला सेलेस्टियनचा 'ग्रीनबॅक' स्पीकर एका वॉटवर एक मीटर अंतरावर ९८ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. एका वॉटवर! आमचा मिक्सर त्यापुढे मवाळ. ज्याने मला "घरात वाजवायला एक वॉट म्हणजे काहीच नाही" असं छातीठोक सांगितलं, तो नक्की बंगल्यात राहत असणार.

मग मोठे वॉट आले कुठून? गरजेतून. १९५० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडात डार्टफर्डच्या जेनिंग्ज कंपनीत डिक डेनी यांनी व्हॉक्सचा एसी-१५ बनवला, दोन ईएल८४ व्हॉल्व्हचा, १५ वॉटचा. तेव्हा तो 'छोटा' अ‍ॅम्प नव्हता. नाचाच्या हॉलला पुरायचा. पण श्रोते वाढले, किंचाळायला लागले, आणि १५ चे ३० झाले. १९६५ मध्ये बीटल्स न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ५५ हजारांवर लोकांपुढे उभे राहिले तेव्हा त्यांच्यामागे व्हॉक्सचे १०० वॉटचे अ‍ॅम्प होते, आणि गाणं ऐकू येत होतं ते बेसबॉलच्या मैदानाच्या भोंग्यांतून. गिटारीपुढे माइक ठेवून हजारो लोकांपर्यंत ती पोचवणारी ध्वनियंत्रणाच तेव्हा नव्हती. त्याच सुमाराला लंडनमध्ये जिम मार्शल यांच्याकडे 'द हू' या बँडच्या पीट टाउनशेंडने आणखी मोठ्या आवाजाचा हट्ट धरला आणि १०० वॉटचा मार्शल जन्माला आला. थोडक्यात, १०० वॉट हे माइक नसण्यावरचं उत्तर होतं. आज गणेशोत्सवातल्या गल्लीच्या मंडपातही अ‍ॅम्पपुढे माइक लावतात. तरी आपल्याला वाटत राहतं की मोठा अ‍ॅम्प तो खरा. मला नऊ वर्षं वाटलंच की.

अष्टपैलू हवा, ही माझी दुसरी अट. या शब्दाने मात्र मला खूप फिरवलं. घरी मी एकटी वाजवते. रविवारी सकाळी चौघांचं आमचं टोळकं तासावर जॅम रूम, म्हणजे सरावाची खोली, घेतं, त्यात ड्रमर आहे आणि तो दयामाया जाणत नाही. जुनी हिंदी गाणी, थोडं ब्लूज, थोडं ठोकठोक रॉक. म्हणजे एकाच हेडने स्वच्छ, जरासं खरखरीत आणि चांगलं भाजलेलं (म्हणजे पुरतं खरखरीत), असे तिन्ही आवाज द्यायला हवेत. कागदावर याचा अर्थ होतो दोन-तीन चॅनल (प्रत्येक आवाजाची वेगळी वाट), पायाने दाबायचे खटके, भरपूर बटणं. मीही तशीच यादी करून निघाले होते.

ओळखीतल्या ओळखीत, जॅम रूममध्ये, एकदा मुंबईच्या दुकानात, असं करत वर्षभर हेडं वाजवत फिरले. कसोटी मात्र सगळीकडे एकच ठेवली. माझीच टेलिकास्टर गिटार, आणि अ‍ॅम्प एकदा लावला की त्याला हात लावायचा नाही. फक्त गिटारीवरचं व्हॉल्यूमचं बटण फिरवायचं. चारवर ठेवून पूर्ण कॉर्ड, सगळ्या तारा वेगवेगळ्या ऐकू येतात का. सातवर ठेवून बोटाचा जोर बदलायचा. दहावर नुसता सा-प.

या सा-पवर जरा थांबते. रॉकवाले ज्याला पॉवर कॉर्ड म्हणतात तो दुसरं काही नसून षड्ज-पंचम आहे. तंबोऱ्यात जे लावलेलं असतं तेच. खरखरीत आवाजात दोन सूर एकत्र वाजले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे सूर तयार होतात. सा-पच्या बाबतीत ते खालच्या सा च्याच स्वरांशांत पडतात, म्हणून सगळं भरीव वाटतं. त्यात गंधार घातला की चिखल सुरू होतो. किती भाजल्यावर गंधार बुडतो, यावरून मला अ‍ॅम्पचा स्वभाव कळायला लागला. हे मला गिटारीच्या कुठल्या शिक्षकाने सांगितलं नव्हतं.

ऑरेंजचा 'टायनी टेरर' एका जॅम रूममध्ये भेटला. २००६ साली तो आला आणि डब्याएवढ्या हेडांची लाटच आली. पांढरा पत्र्याचा डबा, दोन ईएल८४, १५ वॉट, एका खटक्यावर ७, आणि बटणं फक्त तीन. इथे मला आजोबांच्या रेडिओची आठवण झाली, कारण ईएल८४ हा मुळात रेडिओतला व्हॉल्व्ह. रेडिओ लावल्यावर तापेपर्यंत वाट बघायची आणि मग आवाज लांबून चालत आल्यासारखा यायचा, ते सगळं या नळ्यांचंच. टायनी टेररने माझी यादी फाडून टाकली. एकच चॅनल, पण गिटारीचं बटण चारवरून दहावर नेलं की तिन्ही आवाज क्रमाने हजर. गंधार बराच उशिरा बुडाला. अडचण एकच: ड्रमर रंगात आला की स्वच्छ आवाजाची शिल्लक लवकर संपते, आणि माझा डिलेचा (प्रतिध्वनीचा) पेडल मागे जोडायला त्यात लूप, म्हणजे सिग्नल बाहेर नेऊन परत आणायची सोय, नाही.

एका मित्राकडे ब्लॅकस्टारचा एचटी-५ होता. ५ वॉट, आणि त्यासाठी १२बीएच७ नावाचा दुहेरी व्हॉल्व्ह, जो एरवी छोट्या कामांना वापरतात. एकाच नळीतले दोन अर्धे आळीपाळीने ढकलतात-ओढतात, मोठ्या अ‍ॅम्पसारखेच. छान युक्ती आहे. दोन चॅनल, हेडफोनची सोय, अमेरिकन धाटणीकडून ब्रिटिश धाटणीकडे नेणारं एक बटण. रात्री साडेअकराला वाजवणाऱ्याने दुसरं काही बघू नये. मला ड्रमर आडवा आला.

जर्मनीत मावसभाऊ आहे, त्याच्याकडे ह्यूज अँड केटनरचा 'ट्यूबमाइस्टर १८'. तिकडे रात्री दहानंतरची शांतता ही मोठी गंभीर बाब, त्यामुळे त्या अ‍ॅम्पला १८, ५, १ आणि चक्क ० वॉट अशा पायऱ्या आहेत. शून्यावर स्पीकर गप्प आणि आवाज थेट रेकॉर्डिंगच्या तारेतून बाहेर. आतून निळा उजेड येतो. व्हॉल्व्ह स्वतः नारिंगी पेटतो, हा निळा दिवा शोभेचा. आत्याने बघितला असता तर गणपतीची आरास म्हणाली असती. पण यंत्र फार शहाणं. दोन दिवस वाजवलं आणि जवळजवळ ठरलंच होतं.

शेवटी घेतला मार्शलचा 'ओरिजिन २०'. शेवटी स्पीकरला जोर देणारे दोन ईएल३४ व्हॉल्व्ह, त्यांच्या आधी सिग्नल वाढवणारे तीन छोटे ईसीसी८३, एकच चॅनल. मागे लूप आहे, आणि वॉटच्या तीन पायऱ्या: २०, ३ आणि ०.५. या पायऱ्यांनी मन वळवलं. अर्ध्या वॉटवर शेवटच्या व्हॉल्व्हना मिळणारा व्होल्टेजचा दाब उतरवलेला असतो, त्यामुळे ते लवकर दमतात, आणि मला हवंय तेच. जवारी खाली सरकते. २० वर तोच डबा ड्रमरसमोर स्वच्छ उभा राहतो. ट्यूबमाइस्टरमध्ये जास्त सोयी होत्या, हे मी आजही कबूल करते. पण चारवरून सातवर जाताना बोटाखाली काय घडतं, ते मला इथे जास्त आवडलं.

अर्धा वॉट पूर्ण चढवला तरी मीटरभरावर ९५ डेसिबल होतोच, हा हिशेब मी काकूंपुढे मांडला नाही. त्यांच्याशी साधा करार केला. शनिवारी पाच ते साडेसहा त्या भजनाला जातात. तेवढा वेळ माझा. बाकीचे दिवस मास्टर व्हॉल्यूम (शेवटचा आवाज) खाली आणि गेन (सुरुवातीच्या सिग्नलचा जोर) वर. तेव्हा भाजणी सगळी पुढच्या ईसीसी८३ मध्ये होते, शेवटचे दोघे झोपलेले. ते खोटं नाही, पण शनिवारसारखं नाही.

खोकं सुताराकडून करून घेतलं. अठरा मिलिमीटरची प्लाय, एक बारा इंची स्पीकर, मागची बाजू अर्धी उघडी. माप सांगितल्यावर सुतार म्हणाला, "ताई, देव्हारा की चपलांचं?" मागे पट्टी का नको हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही. आवाजात या खोक्याने आणि स्पीकरने जितका फरक पडला तितका हेड बदलून पडला असता का, याची मला शंका आहे. वर्षभर मी हेडं वाजवत फिरले ती प्रत्येक वेळी वेगळ्या खोक्यावर, हे मला नंतर सुचलं. तेव्हा वर जे लिहिलंय त्यातलं निम्मं स्पीकरबद्दल असू शकेल.

दुसऱ्याच आठवड्यात मी ते हेड मारलंच असतं. जॅम रूममध्ये घाईत चालू केलं, वाजवलं, आवाज नाही. बटण वाढवलं, तरी नाही. मग हेडला कान लावला तर आतल्या ट्रान्सफॉर्मरमधूनच बारीक, किर्र, माझी गिटार ऐकू येत होती. स्पीकरची तार माझ्या पिशवीत! व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पला स्पीकरचं ओझं लागतंच. ते नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज इतकं उसळतं की तो जळू शकतो. झटकन बंद केलं. वाचला. तेव्हापासून आधी स्पीकर, मग वीज, हे मी देवापुढे म्हणावं तसं पुटपुटते. ओहम, म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध, तोही जुळवून: १६ चा स्पीकर १६ च्या भोकात. आणि झाकण मात्र स्वतः उघडायचं नाही. वीज काढल्यावरही आतले वीज साठवणारे कपॅसिटर मारायला बसलेले असतात.

व्हॉल्व्ह झिजतात, त्यामुळे एक जोडी कपाटात असते, स्लोव्हाकियातल्या जेजे कंपनीची. आता हे व्हॉल्व्ह बनवणारे जगात मोजकेच उरलेत. एके काळी आपलं बेंगळुरूचं भारत इलेक्ट्रॉनिक्सही बनवायचं. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मला 'बीईएल' शिक्क्याचा एक ईसीसी८३ मिळाला, नळाच्या तोट्या आणि घड्याळांच्या पट्ट्यांमधे. तो अजून लावून बघितलेला नाही. बघायचा धीर होत नाही. नुसता ठेवलाय.

गेल्या दिवाळीनंतर आत्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिचा तंबोरा आता माझ्याकडेच असतो, शिलाई मशीनपाशी, गवसणीत. शनिवार होता, काकू भजनाला गेलेल्या. मी अ‍ॅम्प लावला. व्हॉल्व्ह तापेपर्यंत दोघी गप्प. स्पीकरमधून हळूहळू ती नेहमीची घरघर यायला लागली. प्रत्येक व्हॉल्व्ह अ‍ॅम्पला थोडी असतेच. भिंतीतली वीज ५० हर्ट्झची, ती सरळ (एकाच दिशेने वाहती) करताना तिची दुप्पट होते, तो १०० हर्ट्झचा गुंजारव. मी त्याला कंटाळलेली. केबल हलव, प्लग बदल, असं चाललेलं.

"थांब," आत्या म्हणाली. डोळ्यावर काळा चष्मा, मान जरा कललेली. "हा कुठला सूर धरलाय तुझ्या पेटीने?"

"सूर नाही तो आत्या. आवाज आहे नुसता."

"पांढरी पाच आहे. जरा चढी."

मी फोनवर बघितलं. पांढरी पाच, म्हणजे त्या सप्तकातला जी, ९८ हर्ट्झ. शंभर म्हणजे जरा चढाच.

तिने गवसणी काढायला लावली. तंबोरा मांडीवर घेतला, खर्जाची तार छेडली, ऐकलं, अ‍ॅम्पकडे बघितलं.

"जरा खाली येईल का हा?"

"नाही गं. वीज मंडळाचा सूर आहे तो. जागचा हलत नाही."

"असं होय," म्हणाली, आणि खुंटीला हात घातला. "मग मीच येते वर."